‘काय त्रास नाय’

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची खास तपासणी असते. २०१६ पासून देशभर हा दिवस ठरलेला आहे. पेणला जा नाहीतर रोह्याला, त्या दिवशीचा देखावा सारखाच. बाकावर जागा उरलेली नसते, दोघी-तिघी भिंतीला पाठ टेकून उभ्या असतात, सोबतीला सासू किंवा जाऊ असते आणि हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. वजन होतं, रक्तदाब होतो, बोटाच्या टोकाला सुई टोचली जाते, पोटावर हात फिरतो. मग नर्सताई विचारतात, “काही त्रास?” ती मान हलवते. “नाय, काय त्रास नाय.”

ती खरंच सांगत असते. तिला ताप नाही, कळ नाही, पायाला सूज नाही. पुढच्या पानांचा सगळा विषय मात्र या तीन शब्दांपाशी सुरू होतो. बाळाला जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत गाठणारे काही जंतू आईकडून येतात आणि त्यांतले बरेचसे आईला त्रास देत नाहीत. ते तिच्या लघवीत असतात, योनिमार्गात असतात, कधी रक्तात असतात, आणि ती शेतावर जाते, पाणी भरते, डोहाळजेवणाला हिरवी साडी नेसते. म्हणून त्रास नसलेल्या बाईचीही तपासणी करायची. चाळणी परीक्षा म्हणतात ती हीच. आजारी माणसाला तपासणं वैद्यकाला हजारो वर्षं ठाऊक आहे. धडधाकट दिसणाऱ्या बाईला तपासायचं, तेही तिच्या पोटातल्या दुसऱ्या जिवासाठी, ही कल्पना त्या मानाने फार नवी आहे आणि ती पटवायला वेळ लागतो.

आपल्या बायकांना ती पटायला अवघड का जाते, याचं एक कारण भाषेत आहे. लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं. अंगावरून पांढरं जात असेल तर ते बाईच्या जातीला असायचंच. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला तेव्हा जगभरचे डॉक्टर चकित झाले होते. १०० पैकी ९२ बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा होता, आणि त्याआधी स्त्रीरोगांसाठी तपासणी झालेल्या होत्या १०० पैकी ८. मी हा आकडा गडचिरोलीचा मागासलेपणा दाखवायला देत नाही. ‘काय त्रास नाय’ या उत्तराच्या पोटात काय काय दडलेलं असतं, हे त्या दोन गावांनी महाराष्ट्राला पहिल्यांदा मोजून दाखवलं. पेणच्या खारेपाटातली आगरी सून असो की रोह्याच्या डोंगराकडच्या वाडीतली कातकरी पोर, उत्तर देण्याची रीत तीच आहे.

आता बाळाच्या बाजूने पाहू. आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. पाटा-वरवंट्याची पूजा होते, कोरा कागद नि लेखणी ठेवतात, घरातल्या बायका रात्र जागवतात. या जागरणाकडे मी नेहमी आदराने पाहत आलो आहे. पहिला आठवडा पार पडेपर्यंत बाळ आपलं म्हणायचं नाही, इतकी बाळं ज्यांनी गमावली त्या आयांनी पाचवी नि सहावीची ही रात्र जागायला निवडली असावी, असं मला वाटतं. वैद्यकाचा हिशेब फार वेगळा नाही. जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत, किंवा काही जंतूंच्या बाबतीत पहिल्या सात दिवसांत, होणाऱ्या जंतुदोषाला ‘लवकरचा’ जंतुदोष म्हणतात. त्यातला मोठा भाग बाळाला जन्माच्या आधी किंवा जन्मताना मिळालेला असतो. बाळ दूध ओढेनासं होतं, मलूल पडतं, अंग गार लागतं, श्वास धापेचा होतो. घरचे म्हणतात नजर लागली, कोणी म्हणतं बाहेरचं झालं. मोठ्या माणसासारखा सणसणून ताप येईलच असं नाही, आणि तोच घात होतो. गार पडलेलं बाळ शांत झोपलंय असं वाटतं.

आईवर उपाय करून बाळ वाचवता येतं, हे आपण एकदा करून दाखवलं आहे. जुन्या बायकांना बाळाचा धनुर्वात आठवत असेल. नाळ विळ्याने कापायची, तिला राख नाहीतर शेण लावायचं, आणि आठवड्याभरात बाळाचं तोंड मिटून अंग ताठ व्हायचं. गरोदरपणी आईच्या दंडात टोचलेल्या लशीने आणि स्वच्छ पात्याने तो आजार इतका मागे हटला की २०१५ साली भारतातून आई आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आज पेणमधल्या कुठल्याही आशाताईला विचारा, नवजात बाळाचा धनुर्वात तिने पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. मात्र धनुर्वाताला तपासणी लागत नव्हती, सगळ्यांना सरसकट टोचायचं होतं. बाकीचे जंतू इतके सोपे नाहीत. त्यांना आधी शोधावं लागतं.

शोधायचे जंतू अनेक आहेत. डोळे बिघडवणारा परम्याचा जंतू आहे, शिळ्या-कच्च्या अन्नातून येणारा लिस्टेरिया आहे, आणखीही आहेत. या प्रस्तावनेत मी तिघांवरच थांबणार आहे, कारण पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांत काय करायचं हा प्रश्न या तिघांभोवती फिरतो.

पहिला सिफिलिस. गावाकडचा शब्द गरमी, ग्रंथातला उपदंश. नाव काढलं की लोक माना खाली घालतात. उपचाराविना राहिलेला सिफिलिस निम्म्याहून अधिक गरोदरपणं बिघडवतो. मूल पोटातच दगावतं, अपुऱ्या दिवसांचं जन्मतं, जन्मल्यावर दगावतं किंवा रोग घेऊन वाढतं. आणि याच जंतूवर आपल्या हाताशी सगळ्यात पक्का, सगळ्यात स्वस्त इलाज आहे : बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन. रोग नवा असेल तर एकदाच, जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन. बाळंतपणाच्या निदान ३० दिवस आधी ते मिळालं पाहिजे, म्हणजे बाळावरही उपचार झाला असं धरता येतं. हे औषध परक्या मुलखातलं नाही. देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना आपल्या पिंपरीला उभा राहिला. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू झालं.

तपासणीही सोपी झाली आहे. पूर्वी रक्त प्रयोगशाळेत जायचं आणि व्हीडीआरएलचा रिपोर्ट कधीतरी यायचा. आता बोटाच्या थेंबावर एकाच पट्टीत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही पाहता येतात, तिथल्या तिथे, वीस-एक मिनिटांत. मग अडतं कुठे? इंजेक्शन देण्यापाशी. पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन येईल या धास्तीने अनेक ठिकाणी ते द्यायचं टाळतात आणि बाईला पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवतात. गंभीर रिअ‍ॅक्शन अतिशय विरळा असते आणि तिच्यावरचं अ‍ॅड्रेनालिन प्रत्येक दवाखान्यात ठेवायचंच असतं. पाठवलेली बाई पुढच्या दवाखान्यात पोचतेच असं नाही. गाडीभाडं असतं, घरी लहान मूल असतं, आणि नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न असतो. नवऱ्यालाही तपासून टोचावं लागतं, नाहीतर ती पुन्हा बाधते. या पुस्तिकेत सिफिलिसचं प्रकरण सगळ्यांत आधी ठेवलं आहे ते याचसाठी. निदान आणि उपचार एकाच खोलीत, एकाच सकाळी होऊ शकतात अशी ही तपासणी आहे. ती सुटली तर दोष गरिबीवर ढकलता येणार नाही.

दुसरा विषय लघवीतल्या जंतूंचा. गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांनी मूत्रनलिका सैलावतात, वाढणारी पिशवी त्यांवर दाबते, लघवी साचून राहते आणि जंतूंना निवांत जागा मिळते. १०० पैकी २ ते १० गरोदर बायकांच्या लघवीत लक्षणं नसताना जंतू सापडतात. बॉस्टनच्या एडवर्ड कॅस या डॉक्टरने १९५०च्या दशकात याचं माप बांधून दिलं. एका मिलिलिटरमध्ये १ लाख जंतू असतील तर तो खरा संसर्ग, कमी असतील तर बहुधा बाहेरून मिसळलेले. तेच माप आजही चालतं. हे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले तर थंडी वाजून ताप भरतो, कंबर धरते, आणि दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याची भीती असते. जुन्या अभ्यासांत उपचार न केलेल्या चौघींपैकी एकीला असा त्रास झाला होता. २०१५ साली नेदरलँड्समध्ये मोजलं तेव्हा १०० पैकी जेमतेम २-३ बायकांना झाला. दोन्ही आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. नेदरलँड्समधली बाई निरोगी, जवळ दवाखाना असलेली, एका फोनवर मदत मिळणारी. आपल्याकडची कित्येकदा अंगात रक्त कमी असलेली, एसटीची वाट बघणारी. तिच्या बाबतीत मी जुन्या आकड्याची भीती बाळगणं पसंत करीन.

लघवी तपासायची म्हणजे काय, यावर या पुस्तिकेत चार पानं आहेत आणि ती सगळ्यांत महत्त्वाची आहेत असं मला वाटतं. बाईला डबी हातात देऊन ‘लघवी घेऊन या’ म्हणून भागत नाही. आधी पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत धरायची, डबीच्या काठाला बोट लावायचं नाही. हे कोणी सांगितलंच नाही तर चुकीचे जंतू येतात आणि बाईला उगाच गोळ्या गिळाव्या लागतात. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली नाही किंवा गार ठेवली नाही, तर वाटेतच जंतूंची संख्या वाढते. कल्चरची सोय प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नसते. पट्टी बुडवून नायट्राइट पाहण्याची सोय मात्र कुठेही करता येते. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्याला तीन-चार तास लागतात, म्हणून सकाळची पहिली लघवी हवी. दुपारी बारा वाजता रांगेत उभ्या असलेल्या, तीनदा जाऊन आलेल्या बाईच्या लघवीत पट्टी रंग बदलत नाही आणि कार्डावर ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. आदल्या तपासणीलाच डबी घरी देऊन ‘उठल्या उठल्या धरून आण’ एवढं सांगितलं तरी त्या पट्टीची किंमत वाढते.

एक वैद्यकीय बारकावा इथेच सांगून टाकतो. नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे या कामाचं चांगलं नि स्वस्त औषध, पण दिवस भरत आले की ते टाळतात, कारण बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. घरात पूर्वीच्या उपचाराच्या गोळ्या उरल्या असतील तर त्या कोणीही आपल्या मनाने घेऊ नयेत.

तिसरा जंतू असा आहे की त्याच्यामुळे पाश्चात्त्य देशांत या तपासणीचा एवढा गाजावाजा झाला. गट ब स्ट्रेप्टोकॉकस. याची पहिली ओळख माणसांत झाली नाही, गोठ्यात झाली. १८८७ साली फ्रान्समध्ये गाईंच्या कासेच्या आजारात तो सापडला. आपले शेतकरी ज्याला ‘दगडी’ म्हणतात, कास दगडासारखी घट्ट होते आणि दूध आटतं, तोच आजार. जंतूच्या शास्त्रीय नावातला ‘अ‍ॅगॅलॅक्टिआ’ म्हणजे दूध नसणं, तो तिथून आला. १९३०च्या दशकात न्यू यॉर्कच्या रिबेका लॅन्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट पाडले, त्यात हा ‘ब’ गटात गेला. १९३८ साली लंडनमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंमागे तो आढळला आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत नवजात बाळांचा प्रमुख शत्रू म्हणून पुढे आला.

हा जंतू आतड्यात आणि योनिमार्गात मुक्कामाला असतो, येतो-जातो. जगभरातल्या अभ्यासांची बेरीज केली तर १०० पैकी साधारण १८ गरोदर बायकांत तो असतो. दक्षिण आशियात थोडा कमी, आठात एक. तो असणं म्हणजे अस्वच्छता नव्हे, चारित्र्याचा डाग नव्हे, आजारही नव्हे. या वाक्याखाली मी रेघ मारतो, कारण रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आला की सासरच्या अंगणात त्याचा अर्थ वेगळाच लागतो. अशा आयांच्या बाळांपैकी निम्मी बाळं जन्मताना जंतू अंगावर घेतात आणि काहीच उपाय केला नाही तर १०० आयांमागे एखाद-दुसरं बाळ आजारी पडतं. अमेरिकेने १९९६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २००२ पासून प्रत्येक गरोदर बाईची शेवटच्या महिन्यात तपासणी सुरू केली, आणि जिच्यात जंतू सापडला तिला कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन. बाळ जन्मायच्या चार तास आधी ते सुरू झालं पाहिजे. तिथे १९९०च्या सुमारास हजार जन्मांमागे पावणेदोन बाळांना हा लवकरचा आजार व्हायचा. २०१५ पर्यंत ते प्रमाण हजारी पावच्या आत आलं. हे यश मोठंच आहे. ब्रिटनने मात्र सगळ्यांची तपासणी स्वीकारली नाही. तिथे आधीचं बाळ आजारी पडलेलं, लघवीत हा जंतू सापडलेला, अपुरे दिवस, कळांमध्ये ताप अशा धोक्याच्या खुणा पाहून औषध देतात. दोन श्रीमंत देश, दोन मतं.

मग आपण काय करायचं? माझं मत मी लपवत नाही. पेण-रोह्यात उद्यापासून प्रत्येकीची गट ब ची तपासणी सुरू करावी असं मी म्हणणार नाही. तिला खास माध्यम लागतं, दोन ठिकाणचा बोळा लागतो, दोन-तीन दिवस लागतात, आणि रिपोर्ट मिळून बाई चार तास आधी बाळंतपणाच्या खोलीत पोचली तरच त्याचा उपयोग. धोक्याच्या खुणा ओळखणं मात्र आजपासून करता येतं. पिशवीचं पाणी जाऊन १८ तास झाले, कळांमध्ये ताप आला, सदतीस आठवड्यांच्या आत कळा आल्या, लघवीत हा जंतू कधीही सापडला, मागचं बाळ आठवड्यात दगावलं, यांतलं काहीही असेल तर कळा सुरू होताच औषधाचा विचार व्हायला हवा. ‘मागचं बाळ कशाने गेलं?’ हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. हळू आवाज लागतो आणि खोलीत सासू नसावी लागते.

हे मत बनवताना दिल्लीचा अभ्यास माझ्यासमोर होता. २०११ ते २०१४ या काळात तिथल्या तीन मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता कक्षात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांची नोंद ठेवली गेली. जंतुदोषाच्या जवळजवळ दोन तृतीयांश घटना पहिल्या तीन दिवसांतल्या होत्या. म्हणजे पुस्तकाप्रमाणे आईकडून आलेल्या. जंतू मात्र अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे होते, गट ब चा वाटा फार थोडा होता, आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर तर बहुतेक औषधांना दाद देत नव्हता. हे जंतू नळाच्या तोटीवर, ओल्या फडक्यावर, न धुतलेल्या हातांवर राहतात. आईचा बोळा कितीही वेळा तपासला तरी बाळंतपणाच्या टेबलावर बसलेला जंतू तिच्या रिपोर्टात दिसणार नाही. म्हणून आईच्या तपासणीबद्दलच्या या पुस्तिकेत हात धुण्याबद्दल आणि बाळंतपणाच्या खोलीतल्या पाण्याबद्दल एक अख्खं प्रकरण आहे. ते वाचताना कोणाला विषयांतर वाटलं तर त्यांनी दिल्लीचे आकडे आठवावेत.

तपासणीची एवढी यातायात करण्यापेक्षा सगळ्यांना सरसकट औषध दिलं तर? हा प्रश्नही विचारला गेला आहे, आणि उत्तर शोधायला मराठी मुलखातल्या बायकांनी हातभार लावला आहे. कळा सुरू असताना तोंडाने २ ग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊन पाहणारा एक मोठा प्रयोग सात देशांत झाला, २९ हजारांवर बायका त्यात होत्या, आणि भारतातली दोन केंद्रं नागपूर आणि बेळगाव ही होती. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. आईला फायदा झाला, तिचा गंभीर जंतुदोष किंवा मृत्यू एक तृतीयांशाने घटला. बाळांच्या बाबतीत काहीच फरक पडला नाही. एक गोळी सगळ्यांना देऊन बाळाचा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याच बायकांनी दाखवून दिलं. पुन्हा शोधण्याकडे यावं लागतं.

आता आपल्या दोन तालुक्यांच्या नावांकडे येतो, कारण पेण आणि रोहा ही नावं मी नकाशावरून उचललेली नाहीत. दिव्याहून निघालेली गाडी पनवेलवरून पेणला येते, मग कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. या रुळांवरून दर वर्षी गणपतीला चाकरमानी जातात हे सगळ्यांना दिसतं. त्याच गाडीत, कोणाच्या लक्षात न येता, सात महिन्यांची पोटुशी मुलगी माहेरी निघालेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सासर पेणचं, माहेर रोह्याकडचं. नाव नोंदवलं पेणला, पहिल्या तपासण्या पेणला, रक्त-लघवी पेणला. डोहाळजेवण झालं आणि ती गेली. गट ब ची तपासणी ज्या महिन्यात करायची तो महिना माहेरचा. लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट येतो तेव्हा ती तिथे नाही. सिफिलिसचं दुसरं इंजेक्शन ज्या आठवड्यात ठरलं तो आठवडा गाडीत गेला. पेणच्या आशाताईला वाटतं ती रोह्याकडे गेली, रोह्याकडच्या आशाताईला ती आली हे बारशाला कळतं.

कातकरी वाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. महाराष्ट्रातल्या अतिअसुरक्षित आदिवासी समूहांत कातकरी मोडतात, आणि त्यांच्या बायकांचं गरोदरपण भट्टीच्या हंगामाप्रमाणे चालतं. भाद्रपदात नाव नोंदवलेली बाई माघात कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या भट्टीवर बाळंत होईल हे तिलाही माहीत नसतं. तिची लघवी प्रयोगशाळेत पाठवून आठ दिवसांनी रिपोर्ट आणायचा म्हणजे आपण आपल्या रजिस्टरचं समाधान करतो. तिच्यासाठी तिथल्या तिथे वाचता येणारी पट्टी आणि तिथल्या तिथे दिलेलं औषध, एवढंच खरं. कोणती तपासणी अचूक या प्रश्नाआधी कोणती तपासणी बाई निघून जायच्या आत पुरी होते, हे पाहावं असं माझं म्हणणं आहे, आणि या पुस्तिकेतला तपासण्यांचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. प्रयोगशाळेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना तो उलटा वाटेल.

इतकं करूनही काही बाळं आजारी पडणारच. तिथे पुन्हा गडचिरोलीकडे पाहावं लागतं. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये थोडंफार शिकलेल्या बायकांनी घरोघर जाऊन नवजात बाळं तपासली, खुणांवरून जंतुदोष ओळखला आणि गरज पडली तेव्हा जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं. आधी हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं जात होती, तिसऱ्या वर्षी ती संख्या २५ वर आली. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते, त्याचं मूळ त्या गावांत आहे. महाराष्ट्रात २०२० साली नवजात मृत्युदर हजारी ११ होता. ६२ वरून ११ पर्यंतचा रस्ता मोठ्या इस्पितळांनी एकट्यांनी काढला नाही. उरलेले ११ मात्र अधिक अवघड आहेत, त्यातले काही आईच्या गरोदरपणातच गाठावे लागतील. आशाताईच्या तिसऱ्या दिवसाच्या भेटीला आईचा रिपोर्ट जोडला, तर ‘या आईच्या लघवीत जंतू होते, हे बाळ आज दोनदा पाहायचं’ असं तिला आधीच ठाऊक असेल. आज ती कोऱ्या पाटीने दारात उभी राहते.

पुढची पानं आशाताई, नर्सताई, आणि घरातल्या शिकलेल्या लेकी-सुनांसाठी लिहिली आहेत. डॉक्टरांनी ती वाचली तर आनंद आहे. औषधांच्या मात्रा शेवटच्या तक्त्यात आहेत आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या आहेत. चित्रं मोठी छापली आहेत, मधल्या धारेचं चित्र सगळ्यांत मोठं. कार्डाच्या पहिल्या पानावर चिकटवायला एक छोटी चिठ्ठीही जोडली आहे. तिच्यावर चारच ओळी आहेत : सिफिलिस पाहिलं का, लघवी पाहिली का, औषध पुरं झालं का, आणि माहेरच्या गावाचं नाव. ती चिठ्ठी सासरच्या नर्सताईंनी भरायची आणि माहेरच्या नर्सताईंनी वाचायची.

९ तारखेच्या रांगेत ‘काही त्रास?’ या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, एवढी विनंती मी प्रत्येक वाचकाला करतो. त्याला अर्धं मिनिट लागतं आणि त्याचं उत्तर कुठलीही मुलगी मान हलवून देत नाही. ती वर बघते, कित्येकदा हसते.

“बाळंतपणाला कुठे जाणार गं?”

“निडीला. आयकडं.”